अश्शूरची मंदिरे : मातीच्या घरापासून राजाच्या अंगणापर्यंत

बायबलच्या पानांवर अश्शूरचे नाव आले की वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते सैन्य. शोमरोनाचा पाडाव, यहूदातील तटबंदीच्या नगरांचा विध्वंस, हिज्कीया राजाच्या काळात यरुशलेमवर आलेले संकट या साऱ्या प्रसंगांत अश्शूरी माणूस आपल्याला भेटतो तो शस्त्रधारी म्हणून. परंतु राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी पवित्र लेखक आपल्याला क्षणभर अश्शूरच्या एका मंदिरात घेऊन जातो. यरुशलेमहून परतलेला सन्हेरीब राजा निनवे येथे राहिला आणि निस्रोख या आपल्या दैवताच्या मंदिरात तो पूजा करीत असता अद्रम्मेलेक व शरेसर यांनी त्याचा तलवारीने वध केला, असे तेथे सांगितले आहे. यशयाच्या ग्रंथातही हाच वृत्तांत आला आहे.

वृत्तांत संक्षिप्त आहे, पण तो वाचताना काही प्रश्न सहजच मनात येतात. ते मंदिर दिसत असे तरी कसे? त्यात कोण जाऊ शकत असे? देव कोठे बसत असे आणि राजा कोठे उभा राहत असे? गेल्या पावणेदोनशे वर्षांतील उत्खननांमुळे या प्रश्नांची पुष्कळशी उत्तरे आज देता येतात. ती शोधताना एक गोष्ट ध्यानात येते. अश्शूरी मंदिराच्या वास्तुरचनेचा इतिहास हा मुख्यत्वेकरून देव आणि भक्त यांच्यातील अंतराचा इतिहास आहे. राज्य जसजसे विस्तारत गेले तसतसे हे अंतर वाढत गेले, आणि त्या वाढत्या अंतरात एक व्यक्ती येऊन उभी राहिली. ती व्यक्ती म्हणजे राजा.

मातीचे घर

आजच्या इराकच्या उत्तर भागात, टायग्रिस नदीच्या काठी, एका उंच खडकाळ टोकावर अश्शूर हे शहर वसले होते. शहराचे नाव अश्शूर, त्याच्या दैवताचे नाव अश्शूर आणि पुढे त्या शहरातून उभ्या राहिलेल्या राष्ट्राचे नावही अश्शूरच. देव, नगर आणि देश यांची इतकी एकरूपता प्राचीन जगातही विरळाच. इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला आपण असिरिया म्हणतो तो हाच देश.

येथील मंदिराला साधे ‘घर’ म्हणत. त्यांच्या अक्कादी भाषेत ‘बीतु’ म्हणजे घर, आणि देवाचे घर ते मंदिर. सामान्य माणसाच्या घराप्रमाणेच हे घरही उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचे असे. पाया काही ठिकाणी दगडाचा, भिंतींना मातीचा गिलावा, ओल येण्याच्या जागी डांबराचा लेप आणि छताला लाकडी तुळया. अशा इमारतीला मानवी आयुष्याप्रमाणेच मर्यादा असते. पावसाने भिंती झिजतात, तुळया कुजतात, आणि काही पिढ्यांनी नव्याने बांधकाम करावे लागते. पवित्र जागा मात्र सहसा बदलायची नाही. त्यामुळे जुन्या भिंती सपाट करून त्यांवरच नव्या उभारल्या जात. एकाच ठिकाणी थरावर थर चढत गेले, आणि या थरांमधूनच आज मंदिराचा विकास वाचता येतो.

राजे पायात लेख पुरून ठेवीत. त्यांत आपली बिरुदे व पराक्रम लिहून झाले की शेवटी भावी राजाला उद्देशून एक विनंती असे. हे घर जुने होऊन ढासळेल तेव्हा त्याने ते दुरुस्त करावे, माझा लेख सापडल्यास त्याला तेलाचा अभ्यंग करून अर्पण वाहावे आणि तो पुन्हा जागेवर ठेवावा. साऱ्या जगावर स्वामित्व सांगणारे हे राजे आपले बांधकाम टिकणार नाही, हे सत्य पायाच्या दगडावरच मान्य करीत, हे लक्षणीय आहे.

कच्च्या विटांची भिंत आणि भोवतालची माती यांत फरक ओळखणे हे अतिशय कठीण काम. जर्मन वास्तुविशारद वाल्टर आन्द्रे यांनी १९०३ ते १९१४ या काळात अश्शूर शहराचे उत्खनन करताना विटांच्या सांध्यांचा माग काढीत इमारतींचे आराखडे मोकळे केले. अश्शूरी मंदिरांविषयीच्या आपल्या ज्ञानाचा मोठा भाग या अकरा वर्षांच्या चिकाटीवर उभा आहे.

वळण घेऊन दर्शन

आन्द्रे यांना सापडलेले सर्वांत जुने मंदिर इश्तार देवीचे. त्याचे आरंभीचे थर इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातील आहेत. गाभारा म्हणजे एक लांबट खोली. तिच्या एका आखूड भिंतीपाशी देवीचे स्थान. दार मात्र समोर नव्हते. ते लांब भिंतीत, देवीच्या स्थानापासून दूरच्या टोकाला होते. आत शिरलेल्या भक्ताला प्रथम समोरची कोरी भिंत दिसे. काटकोनात वळल्यावरच दर्शन घडे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही दारातून थेट माजघर दिसू नये अशी योजना असे, त्याची येथे आठवण होते. राहत्या घराचीच ही रीत देवाच्या घरात आली असावी, असे आन्द्रे यांचे मत होते.

या खोलीत भिंतींलगत कमी उंचीचे ओटे होते आणि त्यांच्या परिसरात जिप्समच्या पांढऱ्या दगडाच्या स्त्रीपुरुषांच्या लहान मूर्ती सापडल्या. त्या देवांच्या नव्हेत, भक्तांच्या आहेत. कोणी लोकरीचा झुबकेदार झगा नेसलेला, कोणी हात छातीशी जोडलेला. आपण घरी किंवा शेतावर असलो तरी आपली मूर्ती आपल्या वतीने देवीपुढे अखंड उभी राहावी, असा त्यामागचा भाव. मातीची दुमजली घरासारखी छोटी आसनेही तेथे मिळाली. त्यांवर अर्पणे ठेवीत असावेत. एकंदरीत त्या खोलीत देवी आणि भक्त एकाच छपराखाली, एकाच जमिनीवर होते. दर्शनासाठी वळावे लागे, पण चढावे लागत नसे.

दक्षिणेचा प्रभाव

इ.स.पू. विसाव्या शतकात एरिशुम राजाने अश्शूर देवाचे मंदिर बांधल्याचे लेख सापडतात. त्या काळातील अश्शूर हे व्यापाऱ्यांचे नगर होते. येथील कथील आणि कापड गाढवांच्या तांड्यांवरून आजच्या तुर्कस्तानातील कानेशपर्यंत जाई. राजा स्वतःला राजा म्हणवीत नसे. खरा राजा अश्शूर देव, आणि आपण केवळ त्याचे कारभारी, अशी त्याची भूमिका होती.

सुमारे इ.स.पू. १८०८ मध्ये शम्शी-अदाद याने सत्ता घेतली आणि चित्र पालटले. या महत्त्वाकांक्षी राजाने उत्तर मेसोपोटेमियाचा मोठा प्रदेश एका छत्राखाली आणला. दक्षिणेकडील सुमेर व बाबेल येथील संस्कृतीचे त्याला आकर्षण होते. त्याने अश्शूर देवाचे मंदिर प्रशस्त चौकांसह नव्याने उभारले आणि आपल्या लेखात ते दक्षिणेकडील श्रेष्ठ देव एनलिल याचे मंदिर म्हणून नोंदवले. याच शहरात सुमारे ६० मीटर बाजूचा चौरस झिगुरात, म्हणजे थरांचा भरीव मनोरा, उभा होता. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायातील बाबेलच्या बुरुजामागे अशाच मनोऱ्यांची स्मृती असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मोसूलच्या पश्चिमेस तेल अल-रिमाह येथे डेव्हिड ओट्स यांनी १९६४ नंतर जे मंदिर उजेडात आणले, तेही याच काळातील मानले जाते. त्याच्या भिंती दोनशेहून अधिक अर्धस्तंभांनी सजवलेल्या होत्या. त्यांतील मोठे स्तंभ कोरीव विटांचे; काहींना पीळ दिलेला, तर काही खजुराच्या झाडाच्या बुंध्यासारखे. ज्या मातीपासून साधी भिंत होते, तिच्यातूनच कारागिरांनी खजुराची राई उभी केली होती. आराखड्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. येथे प्रवेशद्वार, चौक, पुढचे दालन, गाभारा आणि मागे झिगुरात हे सारे एका सरळ रेषेत आले. वळण नाहीसे झाले.

जोडमंदिरे आणि लबानोनचे गंधसरू

पुढच्या काही शतकांत अश्शूरी वास्तुकारांनी जुनी लांबट खोली आणि दक्षिणेची सरळ रेषा यांचा मेळ घातला. इ.स.पू. १५०० च्या सुमारास अश्शूर-निरारी राजाने बांधलेल्या मंदिरात चंद्रदेव सीन आणि सूर्यदेव शमाश यांचे गाभारे एकाच चौकाच्या दोन बाजूंना समोरासमोर होते. प्रत्येक गाभाऱ्यापुढे एक रुंद दालन आणि मग खोल, लांब खोली. शेवटच्या भिंतीपाशी देव. भक्त आता दारातूनच देवाच्या दिशेला सरळ पाहू शकत होता. पण त्या दोघांमध्ये दालनांची खोली आली होती.

अनु आणि अदाद या देवांच्या जोडमंदिरात दोन गाभारे शेजारी-शेजारी आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन झिगुरात होते. तिग्लथ-पिलेसर पहिला (इ.स.पू. १११४-१०७६) याने हे मंदिर पूर्ण केले. जुने मंदिर ६४१ वर्षांनी ढासळले, एका राजाने ते उतरवले आणि पुढे साठ वर्षे त्याचा पायाही पुन्हा घातला गेला नाही, असे तो आपल्या लेखात सांगतो. त्यासाठी त्याने लबानोन पर्वतावर जाऊन गंधसरूच्या तुळया तोडून आणल्या. त्यानंतर सुमारे शतकाभरात शलमोन राजाने यरुशलेमच्या मंदिरासाठी त्याच पर्वतावरून गंधसरू आणवले, हे वाचकांना आठवेल.

या मंदिराच्या पायातील लेखाने जगाच्या विद्येवर एक मोठे ऋण करून ठेवले आहे. मोसूलच्या एका खाल्डियन ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले होर्मुझ्द रस्साम यांनी १८५३ साली तिग्लथ-पिलेसरचे मातीचे अष्टकोनी लेख या ठिकाणी खणून काढले. कीलाक्षर लिपी खरोखरच वाचता येते का, याविषयी तेव्हा विद्वानांत शंका होती. म्हणून १८५७ साली हाच लेख रॉलिन्सन, हिंक्स, ओपर्ट आणि टॅल्बट या चौघांकडे दिला गेला. चौघांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरे मूळ आशयात जुळली आणि शंका मिटली. भावी राजासाठी पुरलेला लेख अखेर साऱ्या मानवजातीच्या हाती आला.

राजा पुढे येतो

तिग्लथ-पिलेसरच्या आधी, इ.स.पू. तेराव्या शतकात, तुकुल्ती-निनुर्ता पहिला हा पराक्रमी राजा होऊन गेला होता. त्याने बाबेल जिंकले आणि तेथील मर्दुक देवाची मूर्तीही उचलून आणली. अश्शूरमधील इश्तारचे मंदिर त्याने जुन्या जागेच्या शेजारी नव्याने बांधले. वळणाचा प्रवेश त्याने परंपरेचा मान राखून तसाच ठेवला, परंतु देवीचे स्थान आता उंच चौथऱ्यावर गेले आणि तेथे पोहोचण्यास पायऱ्यांची रांग आली. याच परिसरात सापडलेला एक कोरीव दगडी पाट आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यावर एकच राजा दोनदा कोरला आहे. प्रथम तो उभा आहे, मग गुडघे टेकलेला आहे. आणि त्याच्या पुढे तशाच पाटावर देवाचे प्रतीक ठेवलेले आहे. सहस्र वर्षांपूर्वी जेथे अनाम स्त्रीपुरुषांच्या मूर्ती होत्या, तेथे आता उपासक म्हणून फक्त राजा उरला होता.

या राजाने टायग्रिसच्या पलीकडच्या तीरावर स्वतःच्या नावाचे नवे नगर वसवले आणि तेथे अश्शूर देवासाठी नवे मंदिर बांधले. देवाचा कोनाडा मागच्या झिगुरातच्या पोटात खोल शिरवलेला होता. पण पुढे सरदारांनी आणि राजपुत्राने बंड करून राजाला त्याच नगरात कोंडून ठार मारले. अश्शूर देवाचे ठाणे जुन्या शहरातच राहिले. पुढच्या राजांनी राजधान्या अनेक बदलल्या, परंतु त्यांचे दैवत त्यांच्याबरोबर स्थलांतरित झाले नाही.

इ.स.पू. नवव्या शतकात अश्शूरनासिरपाल दुसरा (८८३-८५९) याने कालह येथे राजधानी नेली. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात उल्लेखिलेले हेच ते नगर, आजचे निमरूद. नव्या राजवाड्याच्या उद्घाटनास ६९,५७४ पाहुणे दहा दिवस जेवले, असा त्याचा शिलालेख सांगतो. राजवाड्याजवळच त्याने निनुर्ता देवाचे मंदिर व झिगुरात आणि इश्तारचे मंदिर उभारले. इश्तारच्या दारातील प्रचंड दगडी सिंहांपैकी एक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. निनुर्ताच्या गाभाऱ्यात, जेथे देवाचे आसन होते त्या भागात, हेन्री लेयार्ड यांना सुमारे २१ फूट लांब आणि १६ फूट रुंद अशी एकसंध शिळा जमिनीला बसवलेली आढळली. तिच्यावर दाट अक्षरांत राजाच्या मोहिमांचा वृत्तांत कोरलेला होता. देवाच्या पायांखालच्या फरशीवर प्रार्थनेबरोबरच लुटीचा, खंडणीचा आणि कत्तलींचा हिशेब लिहिला गेला होता.

या प्रवासाचा कळस सर्गोन राजाने (७२१-७०५) गाठला. बायबलमध्ये त्याचे नाव केवळ यशयाच्या विसाव्या अध्यायात येते. आजच्या खोर्साबाद येथे त्याने दूर-शर्रुकीन नावाचे संपूर्ण नवे नगर उभारले. येथे सीन, शमाश, निंगाल आदी देवतांची मंदिरे राजवाड्याच्याच आवारात, त्याच्या एका भागाप्रमाणे बांधलेली आहेत. विद्येचा देव नबू याचे मंदिर स्वतंत्र चौथऱ्यावर असले तरी एका दगडी पुलाने ते राजवाड्याशी जोडलेले होते. प्रवेशद्वारांपाशी झिलईच्या रंगीत विटांवर राजा, सिंह, गरुड, बैल, झाड आणि नांगर अशी चित्रे होती. झिगुरातचे उरलेले थर पांढरा, काळा, तांबडा अशा निरनिराळ्या रंगांचे होते. या मंदिरांतील आराखडा आता ठरीव झाला होता : चौक, रुंद दालन, लांब गाभारा, आणि त्याच्या टोकाला पायऱ्या चढून जाण्याचा उंच, खोल कोनाडा. राजाला आपल्या महालातून निघून देवापर्यंत जाता येई. देवाला राजवाड्यात जागा मिळाली होती, की राजवाड्याने देवाला आपल्यात सामावून घेतले होते, असा प्रश्न कोणालाही पडावा.

शलमोनाचे मंदिर आणि हे मंदिर

येथे यरुशलेमच्या मंदिराची आठवण होणे स्वाभाविक आहे. राजांच्या पहिल्या ग्रंथानुसार ते साठ हात लांब, वीस हात रुंद आणि तीस हात उंच होते. पुढे देवडी, मग लांब दालन आणि शेवटी परमपवित्रस्थान अशी त्याची सरळ रेषेतील मांडणी होती. याचा अर्थ शलमोनाने अश्शूरचे अनुकरण केले असा नाही. त्याच्या मंदिराचे अधिक जवळचे नातलग उत्तर सीरियात, ऐन दारा आणि तेल तायिनात येथे, सापडले आहेत. एकाच भूभागातील शेजारी जशी एकाच प्रकारची घरे बांधतात, तशीच ही वास्तुभाषा सामाईक होती. फरक होता तो टोकाच्या खोलीत. अश्शूरच्या गाभाऱ्यात मूर्ती होती आणि तिच्या पुढे राजा होता. यरुशलेमच्या परमपवित्रस्थानात मूर्ती नव्हती आणि राजालाही तेथे प्रवेश नव्हता.

सन्हेरीब आणि शेवट

सर्गोन रणात पडला आणि त्याचे शवही परत मिळाले नाही. त्याचा पुत्र सन्हेरीब याने बापाचे नगर सोडून निनवे हे राजधानीचे ठिकाण केले. इ.स.पू. ६८९ मध्ये त्याने बाबेल उद्ध्वस्त केले आणि त्यानंतर अश्शूरमधील प्राचीन मंदिराला हात घातला. पूर्वी तेथे गाभाऱ्याशी थेट न भिडणारा प्रवेश होता. सन्हेरीबने पूर्वेकडे, उगवत्या सूर्याच्या दिशेला, नवे दार पाडले आणि नवा चौक जोडला. शहराबाहेर त्याने नववर्षोत्सवाचे मंदिर बांधले. त्याभोवतीच्या बागेतील झाडांसाठी खडकात खोदलेल्या खड्ड्यांच्या रांगा आन्द्रे यांना दिसल्या. बाबेलच्या ढिगाऱ्यातील माती आपण या मंदिरात आणून ठेवली, असे राजा अभिमानाने लिहितो. जिंकलेल्या नगराची धूळही आता पूजास्थानाचा अलंकार झाली होती.

इ.स.पू. ६८१ मध्ये त्याचा अंत झाला. निस्रोख नावाचे दैवत अश्शूरी लेखांत आढळत नाही. ते निनुर्ता किंवा नुस्कू या नावाचे बदललेले रूप असावे, असे तर्क केले जातात. परंतु मारेकऱ्याविषयी बायबलची माहिती खरी ठरली आहे. फिनलंडचे विद्वान सिमो पार्पोला यांनी १९८० साली एका जुन्या पत्राच्या आधारे दाखवून दिले की कटाचा सूत्रधार राजपुत्र अर्दा-मुलिस्सु हा होता, आणि अद्रम्मेलेक हे त्याच नावाचे हिब्रू रूप आहे. देव आणि माणूस यांच्यामध्ये ज्याने केवळ स्वतःसाठी जागा मोकळी ठेवली, त्याला त्याच जागेने संरक्षण दिले नाही. इ.स.पू. ६१४ मध्ये मेदी सैन्याने अश्शूर घेतले. ६१२ मध्ये निनवे पडले.

फरशीवरची नावे

साम्राज्य गेले, पण ती जागा लोक विसरले नाहीत. सात-आठशे वर्षांनी, पार्थियन सत्तेच्या काळात, अश्शूरच्या त्याच जागी पुन्हा एक मंदिर उभे राहिले. त्याच्या फरसबंदीवर अरामी अक्षरांत भक्तांची नावे कोरलेली सापडली. ही नावे राजांची नव्हेत, साध्या माणसांची आहेत. देवापुढे आपली आठवण राहावी एवढीच त्यांची इच्छा. अश्शूरनासिरपालच्या शिळेवर मोहिमा होत्या. येथे केवळ नावे आहेत. सर्वांत जुन्या इश्तार-मंदिरात ओट्यांपाशी उभे असलेले सामान्य भक्त जणू अडीच हजार वर्षांनी परत आले होते.

याच शतकांत या प्रदेशात ख्रिस्ती श्रद्धा रुजली आणि तिने त्याच अरामी भाषेची एक शाखा, सिरियाक, आपली प्रार्थनेची भाषा केली. निमरूदजवळ सिरियन कॅथलिकांचा मार बेहनाम मठ आहे. ज्या रक्तसाक्ष्याचे नाव त्याला आहे, त्याच्या पित्याचे नाव परंपरेत सिन्हारीब असे सांगितले जाते. म्हणजे आपल्या सन्हेरीबचेच नाव. २०१४ ते २०१६ या काळात इस्लामिक स्टेटच्या अतिरेक्यांनी या भूमीवर जो विध्वंस केला, त्यात त्यांनी मंदिर आणि मठ असा भेद केला नाही. मार्च २०१५ मध्ये मार बेहनामची कबर सुरुंगाने उडवण्यात आली. निमरूदचे नबू-मंदिर उद्ध्वस्त झाले आणि अश्शूरनासिरपालचा झिगुरात यंत्रांनी सपाट केला गेला. मठ २०१८ पर्यंत पुन्हा उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मोसूलच्या पडक्या चर्चेसच्या चौकात उभे राहून युद्धात बळी पडलेल्यांसाठी प्रार्थना केली. अश्शूर शहराचे अवशेष २००३ पासून जागतिक वारशाच्या आणि त्याच वेळी धोक्यातील वारशाच्याही यादीत आहेत.

त्या राजांच्या लेखांतील विनंती येथे पुन्हा आठवते. घर ढासळेल तेव्हा पुढच्याने ते सावरावे, आणि ज्याने आधी बांधले त्याचे नाव पुसू नये. ज्यांच्यासाठी ती लिहिली होती ते राजे राहिले नाहीत. आज निमरूदमध्ये फुटलेले दगड जुळवणारे इराकी संशोधक आणि मार बेहनामच्या भिंती पुन्हा रचणारे गवंडी यांनी ती विनंती कदाचित वाचलीही नसेल. परंतु ती पाळत आहेत ते तेच.